मंजुषाची अट

औशात किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला राजशेखरचं खत-बियाण्याचं दुकान आहे. दुकानाच्या पाठीमागं घर, आणि घराच्या ओसरीवर मंजुषाचं शिलाई मशीन. गावातल्या बायकांत "ब्लाऊज कुणाकडं टाकलास?" असं विचारलं, की बहुतेक वेळा तिचंच नाव ऐकू येतं. मंजुषा बोलायला कमी आणि हाताला पक्की. कापडावर एकदा खडूनं रेघ ओढली, की ती पुसून दुसरी ओढताना तिला कुणी पाहिलेलं नाही. तिचं माहेर मुखेडचं. तिचे वडील तिच्याबद्दल म्हणत, "ही पोरगी हट्ट करत न्हाई. ठरवती."

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा हलला नव्हता. मापं द्यायला येणाऱ्या बायका हात वर करून उभ्या राहत, मंजुषा त्यांच्या छातीभोवती टेप धरी, आणि तेवढ्यात त्या तिला औषध सांगत. कुणी शतावरी दुधातून घे म्हणे, कुणी अळिवाची खीर, कुणी कसल्या तरी झाडाचं मूळ उगाळून. मुखेडहून आईनं काळ्या गोळ्या पाठवल्या होत्या. मंजुषानं हे सगळं खाल्लं. तिलाही मूल हवं होतं, आणि दुसरा काही रस्ता तिला कुणी दाखवला नव्हता.

सासू रत्नम्मा काही वाईट बाई नव्हत्या. सुनेच्या भाकरीवर त्या आपल्या हातानं तूप घालत. कधी टोचून बोलल्या नाहीत. पण काढा दिला, की मंजुषाचा पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसत. रोज सकाळी लिंगपूजा झाली की त्या पेला घेऊन यायच्या आणि दाराला टेकून उभ्या राहायच्या.

एकदा राजशेखरच्या मित्राच्या बायकोनं जोडीचे डबे आणून दिले. लातूरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सभा भरवून ते विकत होते. बाईसाठी गुलाबी डबा, पुरुषासाठी निळा. दोघांनी मिळून घ्यायचं, तर गुण येतो, असं डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मंजुषाचा गुलाबी डबा संपला, दुसरा आला, तोही संपला. निळ्याचं वरचं सील तसंच होतं. राजशेखर म्हणायचा, "मला काय धाड भरली? खताचं पोतं एका हिसक्यात खांद्यावर घेतो मी." रत्नम्मांनाही ते पटायचं. एवढा धडधाकट मुलगा, त्याला पावडर कशाला?

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला रत्नम्मांची बहीण पार्वतम्मा उदगीरहून आली. येताना हिरवट रंगाची एक पावडर घेऊन आली. साधी प्लास्टिकची पिशवी, वर ना नाव ना गाव. कुठल्याशा खेड्यातला एक माणूस देतो, आपल्या गल्लीतल्या बायकांना गुण आलाय, अनशापोटी घ्यायची, असं तिनं सांगितलं. मंजुषानं पिशवी उघडून वास घेतला आणि यात काय आहे म्हणून विचारलं. पार्वतम्मा म्हणाली, औषधाला असं विचारत नसतात, गुण जातो. मंजुषानं पिशवी परत बांधली. दुसऱ्या दिवसापासून पेला सुरू झाला.

काही आठवड्यांनी तिला मळमळायला लागलं. भाकरीचा वास नकोसा झाला. एका सकाळी ती न्हाणीत ओकारी काढत बसली होती, तेव्हा रत्नम्मा बाहेर उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. त्यांनी खडीसाखर वाटली. शेजारच्या दोन घरी जाऊन सांगूनही आल्या. मंजुषाला शंका होती, कारण पाळी नुकतीच होऊन गेली होती. पण सासूचा तो चेहरा बघून तिच्या तोंडून शब्द निघेना. राजशेखरनं मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. पट्टीवर एकच रेघ आली. रत्नम्मा म्हणाल्या, लवकर केली म्हणून कळत नसेल, थांबा थोडं.

ते थांबणंच तिच्या जिवावर बेतलं असतं. मापं द्यायला आलेल्या एका शिक्षिकेनं तिला उजेडात धरलं आणि म्हणाली, "मंजुषाताई, डोळे बघितले का तुमचे? हळदीसारखे झालेत." तसंच राजशेखरनं तिला गाडीत घालून लातूरला नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि यकृताला सूज आहे म्हणून दाखल करून घेतलं. काय काय खाता, असं त्यांनी विचारलं. मंजुषा सांगायला लागली. शतावरी, मूळ, काळ्या गोळ्या, गुलाबी डबा, हिरवी पावडर. सांगता सांगता ती मध्येच थांबली, कारण अजून बरंच राहिलं होतं आणि तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. डॉक्टर रागावले नाहीत. पावडरमध्ये काय होतं ते आता सांगता येणार नाही, पण हे सगळं आजपासून बंद, पुन्हा असलं काही पोटात गेलं तर अवघड होईल, एवढं त्यांनी बजावलं. घरी सोडताना त्यांनी वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, यजमानांची तपासणी झालीय का? राजशेखरनं खिशातून मोबाईल काढला आणि तो बघत बाहेर गेला.

त्या उन्हाळ्यात मंजुषा ओसरीवर पडून असायची. अंगात त्राण नव्हतं, मशीन कापडानं झाकून ठेवलं होतं. दुकानाचं मागचं दार उघडं असलं की राजशेखरचा आवाज तिथपर्यंत यायचा. पेरणीच्या आधी तो दरवर्षी शेतकऱ्यांना सोयाबीनची उगवण तपासून दाखवी. ओल्या गोणपाटावर बियांच्या रांगा लावायच्या, गुंडाळून ठेवायचं, आणि काही दिवसांनी उलगडून मोजायचं किती बियांना मोड आले. आवाज चढवून तो सांगत होता, घरचं बियाणं असो की विकतचं, तपासल्याबिगर रानात टाकू नका, मग जमिनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

दुपारी तो जेवायला आला. मंजुषा त्याच्या समोर बसली.

"मघाशी शेतकऱ्यांना काय सांगून राहिले होते तुम्ही?"

"कशाचं?"

"बियाण्याचं."

तो सांगायला लागला आणि अर्ध्यात थांबला. मंजुषा त्याच्याकडं बघत होती.

"मग आपण एवढी वर्षं नुसती जमीनच का तपासून राहिलो?"

राजशेखरनं ताटात हात धुतला आणि उठून गेला. नंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. मंजुषानंही त्याची मनधरणी केली नाही. अंगात थोडी ताकद आल्यावर एका संध्याकाळी, रत्नम्माही समोर असताना, तिनं आपलं म्हणणं मांडलं. आवाज चढवला नाही.

"आजपासून काय हाय ते कळल्याबिगर मी काहीच तोंडात घालणार न्हाई. पुडी न्हाई, काढा न्हाई. डॉक्टरकडं जायचं तर दोघांनी जायचं. मला मूल पाहिजे, लई पाहिजे. पर एकटीनं न्हाई."

रत्नम्मा म्हणाल्या, बायकांच्या गोष्टीत पुरुषाला कशाला ओढायचं. मंजुषानं मशीनवरचं कापड काढलं आणि अर्धवट राहिलेल्या बाहीला टाका घालायला घेतला.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. यकृत ताळ्यावर येईपर्यंत त्यांनी काही सुरू केलं नाही. नुसत्या तपासण्या केल्या. गर्भाशयात, नळ्यांत दोष नव्हता. रक्त कमी होतं, बी-बारा जीवनसत्त्व फार खाली गेलं होतं, ड जीवनसत्त्वही कमी. घरात मांसमच्छी शिजत नाही, दिवसभर ओसरीच्या सावलीत मशीनवर बसणं, त्यामुळं नवल नाही, असं बाई म्हणाल्या. पुढं सूज उतरल्यावर गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मंजुषानं एकेकीचं नाव आणि काम विचारून घेतलं. फॉलिक ॲसिड कशासाठी, तर पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट घडावा म्हणून, आणि ते दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यावं लागतं. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही. हे तिला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं.

घरी ती गोळ्या राजशेखरच्या समोरच घ्यायची, जेवण झाल्यावर, पाण्याच्या घोटाबरोबर. ही कसली, ती कसली, हे त्यानं न विचारता सांगायची. त्याला टोमणा मात्र एकही मारला नाही. त्याचाच त्याला जास्त त्रास झाला असावा.

एक दिवस त्यानं भर दुपारी दुकान बंद केलं आणि माल बघायला लातूरला जातो म्हणाला. संध्याकाळी आला तो हात हलवत. माल नव्हता. ओसरीच्या पायरीवर बसून चपला काढत तो म्हणाला, "उद्या तुला बी यायचंय. डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलंय." मंजुषानं कात्री खाली ठेवली. तो तिच्याकडं बघत नव्हता. तिनं आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला.

बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. राजशेखरच्या वीर्यात शुक्रजंतू कमी होते, आणि होते त्यांना जोर नव्हता. एका तपासणीवर विसंबू नये म्हणून त्यांनी नंतर पुन्हा करून घेतली, तीही तशीच आली. अंडकोषाजवळच्या नसा फुगल्या होत्या. त्याची छोटी शस्त्रक्रिया होते, बऱ्याच जणांना फायदा होतो, सगळ्यांना होतो असं नाही. तंबाखू बंद करायला सांगितली. शेतकऱ्यांना फवारणी दाखवताना हातमोजे नसतात, तेही चालणार नाही म्हणाल्या. त्यालाही झिंक आणि आणखी दोन-तीन गोष्टींच्या गोळ्या लिहून दिल्या.

"यांनी होईल ना पण?" राजशेखरनं विचारलं.

"गोळ्या कमतरता भरून काढतात. मूल देत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण कमतरता तशीच ठेवून वाट बघण्यात काय अर्थ आहे? तुम्ही दोघं मिळून करा, मी सोबत आहे."

त्या दिवशी परतताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. लातूर मागं पडल्यावर हळूच म्हणाला, "अव्वाला सांगू नको." आईला तो अव्वा म्हणे.

"मी आपणहून सांगणार न्हाई," ती म्हणाली. "पर मला कुणी विचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई."

रत्नम्मांना मात्र चैन पडत नव्हतं. दवाखान्याच्या गोळ्या उष्ण असतात असं त्यांनी कुणाकडून ऐकलं होतं. पार्वतम्मानं नवी पिशवी पाठवली होती, आणि काविळीला पावडर नव्हे, उन्हाळा कारण होता, असा निरोपही. एक दिवस मंजुषा जेवायला बसली. ताकाचा पहिला घोट घेतला आणि तिला जिभेच्या मुळाशी ती ओळखीची कडू चव लागली. तिनं घोट थुंकून टाकला. सूज उतरून फार दिवस झाले नव्हते, पुन्हा पोटात गेलं तर काय होईल ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती ओरडली नाही. राजशेखर जेवायला येईपर्यंत पेला पुढ्यात ठेवून बसून राहिली.

तो आल्यावर तिनं पेला त्याच्या ताटाजवळ सरकवला. "अव्वांनी ताक केलंय. तुम्ही प्या."

त्यानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग त्यानं मंजुषाकडं बघितलं, मग आईकडं. रत्नम्मा पदर सारखा करत होत्या. म्हणाल्या, चिमूटभरच घातलीय, पोरीच्या भल्यासाठीच.

राजशेखरनं पेला खाली ठेवला.

"अव्वा, कमी तिच्यात न्हाई. माझ्यात हाय. दोनदा तपासलंय."

रत्नम्मांना ते आधी पटेना. मशीन चुकलं असेल म्हणाल्या. एवढी पोती उचलतो, म्हणाल्या. राजशेखरनं त्यांना सगळं सांगितलं, शब्द अडखळत, पण एकही न गाळता. मंजुषा मान खाली घालून ऐकत होती. नवऱ्याला आईसमोर हे बोलताना किती जड पडत असेल, ते तिला कळत होतं, आणि तरीही ती त्याच्या वतीनं एक शब्द बोलली नाही. हे त्यानंच बोलायचं होतं.

दोन दिवस रत्नम्मा कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्या ओसरीवर आल्या. पेला नव्हता. मशीनपाशी खाली बसल्या.

"पिशवी उकिरड्यावर टाकून आले," त्या म्हणाल्या. खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत राहिल्या. "तुला कावीळ होऊन राहिली होती, मंजुषा, आन मी दिवस गेले म्हणून खडीसाखर वाटून राहिले होते. तू आत ओकत होतीस. मी बाहेर हसत होते."

मंजुषानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. तिला रडू आलं, सहा वर्षांत पहिल्यांदा सासूसमोर.

त्यानंतर रत्नम्मांची सगळी नजर मुलाकडं वळली. सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी भोपळ्याच्या बिया, रात्री दूध. शर्टाचा खिसा चाचपून तंबाखूची पुडी काढून घेत. दुधाचा पेला संपेपर्यंत दाराला टेकून उभ्या. पंधरा दिवसांत राजशेखर कावून गेला. मंजुषाला म्हणाला, "तू एवढी वर्षं हे कसं सोसलं?"

तिनं दातानं दोरा तोडला. "गिळत होते," म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. तंबाखू सुटली, मध्ये दोनदा परत लागली, पुन्हा सुटली. फवारणीला जाताना हातमोजे आणि तोंडावर फडकं. जोडीचे डबे मंजुषानं बाईंना नेऊन दाखवले होते. त्यात साधीच जीवनसत्त्वं आहेत, नुकसान नाही, पण लिहून दिलेल्या गोळ्यांवर आणखी तीच कशाला, असं बाई म्हणाल्या. वर्ष असंच गेलं. राजशेखरचे आकडे सुधारले, पण पुरेसे नव्हते. शेवटी बाईंनी दवाखान्यातच प्रक्रिया करून बीज आत सोडायचा सल्ला दिला. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला दिवस गेले, आणि तिसरा महिना लागायच्या आत सगळं वाहून गेलं.

तेव्हा पुन्हा लोकांना औषधं सुचली. मुखेडहून आईचा फोन आला, दवाखाना सोड, अमक्या ठिकाणी चल. रत्नम्मांनीच फोन घेतला आणि विहीणबाईंना सांगितलं, की पोरीला आराम करू द्या, आमचं डॉक्टर चालू आहे. राजशेखर तिच्या उशाशी बसून म्हणाला, "बस झालं आता. मला तू पाहिजेस." त्याचे डोळे भरून आले होते.

"आज ठरवू नका," मंजुषा म्हणाली. "माझं मन झालं की मी सांगते."

लग्नसराई होती. ती मशीनवर बसली आणि तिनं दोन नवरीमुलींचे ब्लाऊज शिवले, जरीचे काठ लावून. गोळ्या बंद केल्या नाहीत. पावसाळा संपता संपता एका सकाळी राजशेखर दुकान उघडायला निघाला, तेव्हा ती पदर खोचून दारात आली आणि म्हणाली, "सोमवारी जाऊ लातूरला."

त्यानंतरच्या एका खेपेला गेलेले दिवस टिकले, आणि पुढच्या वर्षी थंडीत मुलगी झाली. वजन जरा कमी होतं, म्हणून काही दिवस दवाखान्यात ठेवली, मग घरी आणली. नाव ऋतुजा ठेवलं. रत्नम्मांनी यावेळी खडीसाखर वाटली ती गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत.

आता बायका मापं द्यायला येतात त्या वेगळंच विचारतात. कुठली पावडर घेतली? कुणाचं औषध? मंजुषा खरं ते सांगते, आणि बऱ्याच जणींना ते आवडत नाही. मागं एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून कोवळी होती, नाव पुनम, आणि मापाला हात वर करताना तिचा चेहरा ओढलेला दिसत होता. सासूनं औषधाचं नाव विचारलं.

"हिचा नवरा कुठं हाय?" मंजुषानं टेप गुंडाळत विचारलं.

"त्याचं काय काम इथं?"

"त्याला घेऊन या. मग सांगते."

सासू रागावून गेली. ब्लाऊज न्यायला एकटीच आली. मंजुषानं ब्लाऊज दिला, औषधाचं नाव दिलं नाही. मध्ये बरेच दिवस गेले. मग एका दुपारी गल्लीत मोटारसायकल थांबली. मागं बसलेली पुनम उतरली आणि ओसरीवर आली. पुढचा पोरगा मात्र गाडीवरच बसून राहिला, तोंडाला बांधलेला रुमाल सोडेना, किल्ली काढेना. मंजुषा त्याला बोलवायला उठली नाही. तिनं मागच्या दारातून दुकानाकडं बघून नुसती मान हलवली. राजशेखर गिऱ्हाईक सोडून बाहेर आला, त्या पोराच्या गाडीच्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाला, "चल, आत बसू. चहा घेऊ."

पोरानं तोंडावरचा रुमाल सोडला. मग त्यानं गाडीची किल्ली काढली.